माळ्यावरच्या वस्तूंसाठी एक खोली हवी

मा. जिल्हाधिकारी, वर्धा
यांस,

जमिनीत गाडलेली जुनी वस्तू सापडली तर तिची वर्दी कोणाला द्यायची, हे 1878 सालच्या निखात निधी कायद्याने ठरवून दिले आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही मातीतून वर आले, की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. वर्धा जिल्ह्यापुरते ते पद आज आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे. मला बोलायचे आहे ते मात्र जमिनीखालच्या धनाबद्दल कमी, आणि माळ्यावर, कोठीत, गोठ्याच्या आढ्याला टांगून राहिलेल्या वस्तूंबद्दल जास्त. त्या वस्तूंसाठी कुठे जावे, कोणाला विचारावे, हे गावातल्या माणसाला कोणीच सांगितलेले नाही. त्याला एकच पत्ता ठाऊक असतो, भंगारवाल्याचा.

आर्वी, देवळी, हिंगणघाटकडचे जुने वाडे उतरवले जाताना आपण पाहिले असतील. वाटण्या होतात, धाकटी पिढी नागपूर-पुण्याला असते, भिंतींना ओल येते आणि एक दिवस वाडा उतरवायला माणसे लागतात. ढेलजेचे सागवानी खांब आणि नक्षीची चौकट आधी जाते, कारण तिला शहरातल्या हॉटेलवाल्यांकडून मागणी असते. मग पितळेची भांडी वजनावर जातात. घंगाळ, समई, पानाचा डबा, धान्य मापायची पायली, सगळ्यांना एकच भाव. तिफण, चाडे, मोटेचे चाक, बंडीचे जू यांचे शेवटी सरपण होते. कापसाच्या या मुलखात सरकी काढायचा लाकडी रेचा कधीकाळी घरोघरी फिरत असे. आज तो दाखवायला पोराला कुठे न्यावे, असा प्रश्न पडतो. विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. घर चालवायचे असते, जागा नसते, आणि ही वस्तू कोणाला हवी आहे असे त्यांना आजवर कोणी म्हणालेले नसते.

या ठिकाणी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची हकीकत सांगावीशी वाटते. ती आपल्या कानावर असेल. तरीही सांगतो, कारण तिचा पूर्वार्ध सगळे सांगतात आणि उत्तरार्ध सहसा राहून जातो.

दिनकर गंगाधर केळकर 1896 साली जन्मले. पुण्यात त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. 1920 च्या सुमाराला त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. पेशवाई जाऊन शंभर वर्षे होऊन गेली होती. सरदारांचे वाडे होते, पण त्यांच्यामागचे उत्पन्न आटले होते आणि आतली चीजवस्तू हळूहळू बाहेर पडत होती. असा काळ आला की नाणी, तलवारी, मूर्ती, चित्रे यांना गिऱ्हाईक मिळते. राजेरजवाडे घेतात, परदेशी संग्राहक घेतात. केळकरांनी हात घातला तो त्याच्या पलीकडच्या पसाऱ्यात. त्यांनी अडकित्ते घेतले. पाय घासायच्या वज्र्या घेतल्या. दिवे, दौती, कुलपे, पानाचे डबे, खेळणी, स्वयंपाकघरातली साधने, दारांच्या चौकटी आणि वाद्ये घेतली. सुपारी कातरायला खरे तर दोन पाती पुरेत. पण कुण्या कारागिराला त्या पात्यांच्या जागी स्त्री-पुरुषाची जोडी दिसली, कुणाला घोडा, कुणाला पोपट. टाच घासायच्या वज्रीवर पक्षी बसवावा असे कुणाला तरी वाटले. या कारागिरांची नावे कुठल्याही बखरीत नाहीत. त्या वस्तू रोज हाताळणाऱ्या बायकांची नावेही नाहीत. इतिहास लिहिणाऱ्यांनी ज्यांना वगळले, त्यांच्या हाताची आणि डोळ्यांची साक्ष केळकरांनी एकेक करून जमवली. एका माणसाने महाराष्ट्रावर एवढे मोठे उपकार करून ठेवल्याची उदाहरणे थोडी आहेत, असे मला मनापासून वाटते.

हे सगळे त्यांनी ऐपत होती म्हणून केले नाही. व्यवसायातले पैसे त्यात गेले, आयुष्य त्यात गेले. पत्नी कमलाबाईंची साथ नसती तर घराचे कोठार होऊ देणे त्यांना शक्य झाले नसते. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहाला केळकरांनी त्याचे नाव दिले. आज संग्रहालयाच्या पाटीवर पहिले नाव त्या मुलाचे आहे, आणि वडिलांचे त्याच्यामागे. कोथरूडला मस्तानीच्या महालाचे जे अवशेष उरले होते, तेही त्यांनी आणले आणि संग्रहालयात तो दालनभर महाल पुन्हा उभा केला. 1960 पर्यंत वस्तूंची संख्या सुमारे 15,000 झाली होती. 1962 मध्ये संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली.

इथपर्यंतचा भाग सगळ्यांना पाठ असतो. पुढची गोष्ट अशी की 1975 मध्ये केळकरांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. विकला नाही, वाटून दिला नाही, मृत्युपत्रात लिहून वारसांवर सोपवला नाही. स्वतः धडधाकट असताना, प्रत्येक वस्तू कुठून आली हे सांगता येत असताना, ती समाजाच्या हवाली केली. त्यानंतर पंधरा वर्षे ते जगले. 1980 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 1990 मध्ये ते गेले. या पंधरा वर्षांना मी फार मोल देतो. संग्राहक हयात असतो तोवर वस्तूला तोंड असते. तो गेला की तिचे गाव, तिचे घराणे, तिचा वापर, सगळे मुके होते आणि मागे उरते ते लाकूड किंवा पितळ. केळकरांनी दिले, हे थोरच. पण त्यांनी दिले तेव्हा घ्यायला कोणीतरी पुढे आले होते. दप्तर होते, करार करायला अधिकारी होते, पुढे सांभाळ करायची तयारी होती. तो घेणारा हात नसता, तर हजारो वस्तूंचा तो संसार आज लिलावांच्या याद्यांत विखुरला असता.

त्या संग्रहातल्या वस्तू आता 20,000 च्या वर गेल्या आहेत आणि जागेअभावी सुमारे अडीच हजारच लोकांना दाखवता येतात. म्हणजे स्वीकारून काम संपत नाही. ही अडचण मी झाकून ठेवत नाही, कारण उद्या आपल्याला कोणी फाईलवर तीच दाखवील. तरीही कोठारात जपलेली वस्तू नातवंडांच्या पिढीला पाहता येते. वितळवलेली येत नाही.

केळकर एकटे नव्हते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर गावच्या पांढरीतून वर येणारे मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती जमवल्या. हे तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारे नगर. ते तिथल्या जमिनीत आहे हे पंडितांना ग्रंथांतून कळले होते. लामतुरे यांनी ते हाताने वेचले. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरलाच आहे. पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहातून असेच शासकीय संग्रहालय उभे राहिले. दोन्ही ठिकाणी वस्तू मुंबईला गेल्या नाहीत, गावातच राहिल्या, आणि गावकऱ्याचे नाव दारावर लागले. साताऱ्याकडच्या औंधची कथा वेगळी, तिथे संग्राहक स्वतः राजा होता. भवानराव पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर 1938 मध्ये श्री भवानी संग्रहालय बांधले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंत काय काय जमवले, ते जाऊनच पाहावे.

1938 हे साल वर्ध्यालाही ओळखीचे आहे. त्याच वर्षी 30 डिसेंबरला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. एकाच वर्षात एका राजाने डोंगरावर कलेचे दालन उघडले आणि इकडे मगनवाडीत घाणी, चरखे, हातकागद यांना दालन मिळाले. औंधच्या राजाने पुढच्याच वर्षी, 1939 मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली, त्यामुळे ही दोन गावे माझ्या मनात नेहमी जोडून येतात. मगनवाडीची जागा जमनालालजी बजाजांनी दिलेली. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पांनी तिथे चालवले. मगनलाल गांधी 1928 मध्ये गेले. चरखा सुधारण्यात आयुष्य घातलेल्या त्या माणसाचे नाव वाडीला लागले आणि मग संग्रहालयालाही. धूर न करणारा मगन चुला इथलाच, वनस्पतीच्या तेलावर जळणारा मगन दीप इथलाच.

मगन संग्रहालयाची जात केळकरांच्या संग्रहाहून निराळी आहे. केळकरांनी संपत चाललेल्या वापराची साधने जपली. इथे साधन ठेवायचे ते उद्या कोणी हातात घ्यावे म्हणून. खेड्यातल्या माणसाने यावे, आपल्यापेक्षा चांगला चरखा किंवा घाणी पाहावी आणि गावी जाऊन तशी करावी, हा त्यामागचा विचार. जगात फार थोड्या संग्रहालयांची सुरुवात अशा अपेक्षेने झाली असेल. वर्धा जिल्ह्यात घरगुती ठेव्याचे काही करायचे तर ते या विचाराला धरूनच व्हावे, असे मला वाटते. पुण्याची नक्कल इथे शोभणार नाही. नुसता रेचा काचेमागे ठेवून भागणार नाही, तो फिरवता येणाऱ्या आजीचे बोलणेही त्याच्यासोबत नोंदले पाहिजे. तिफणीच्या चाड्यातून बी कसे सोडायचे, मूठ किती सैल ठेवायची, हे सांगणारे म्हातारे अजून आहेत. ते नसतील तेव्हा तिफण फक्त लाकडाचा एक सांगाडा असेल.

जिल्ह्यातल्या ठेव्याचे मोठेपण पाहायला आपल्या कार्यालयातून फार दूर जायला नको. पवनार जवळच आहे. 1938 मध्ये विनोबा धाम नदीच्या काठी तिथे राहायला आले. पुढे आश्रमाच्या शेतात खणताना भरत-राम भेटीची पाषाणमूर्ती मिळाली. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना, बाराव्या अध्यायाच्या निमित्ताने, विनोबांनी याच भेटीच्या चित्राची कल्पना बोलून दाखवली होती. ती मूर्ती मातीतून आपल्या हातात यावी, याचा त्यांना किती आनंद झाला असेल ते सांगायला नको. त्यांनी ती देवाची देणगी मानली आणि तिची पूजा सुरू झाली. आश्रमाच्या आवारात आणखीही शिल्पे मिळाली. वा. वि. मिराशींनी ती वाकाटककालीन ठरवली, त्यांत रामायणातले प्रसंग ओळखले आणि पवनार हीच दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर असे मांडले. मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासक राजधानीचा मान तिकडे देतात. तो वाद चालू राहील. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले, आणि वस्ती किती जुनी हे थरांनिशी दिसले. मला यातले महत्त्वाचे हे वाटते की शिल्पे मिळाली त्याच जागी राहिली, त्यांचा अभ्यास झाला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती पाहता येतात. ज्यांच्या कुदळीला ती लागली, त्यांनी त्यांची किंमत ओळखली म्हणून हे घडले. तसेच दगड दुसऱ्या कुणाच्या बांधावर निघाले, तर आज ते कशाच्या पायात बसले असतील?

आणि सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी बैल सजवून मिरवायचे, ही आपल्याकडची, नागपूर-वर्ध्याकडची रीत. पण सिंदीला पोरांच्या हातातल्या बैलांबरोबर माणसाच्या उंचीला भिडणारे लाकडी नंदी निघतात. पिढ्यान्पिढ्या घराण्यांनी जपलेले, वर्षभर घरात झाकून ठेवलेले, त्या दिवशी रंग-झूल चढवून रस्त्यावर आणलेले. हा एका गावाचा विखुरलेला संग्रहच आहे. त्याला राखणदार आहेत, त्याचा सण आहे, त्याला पाहायला गर्दी आहे. हे नंदी त्यांच्या घरांतून हलवून कुठल्या दालनात बसवावेत, असे मी कधीही म्हणणार नाही. पण कोणत्या घरी कोणता नंदी आहे, तो कोणत्या सुताराने कोणत्या लाकडाचा केला, त्यात दुरुस्ती कधी झाली, याची एक पोथी असावी की नाही? घरातला जाणता माणूस गेला की ती माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते.

म्हणून माझी मागणी इमारतीची नाही. इमारतीची मागणी केली की निधी, निविदा, भूमिपूजन यांतच दहा वर्षे जातात आणि तोवर माळे रिकामे होतात. पहिली मागणी नोंदवहीची आहे. आठही तालुक्यांत, जिथे लोकांची रोजची ये-जा असते अशा ठिकाणी, घरातल्या जुन्या वस्तूची नोंद करून घेणारा एक माणूस ठरवून द्यावा. वस्तू घरीच राहील. नोंदीत फोटो, माप, गाव, घराण्याने सांगितलेली हकीकत आणि वापरणाऱ्याच्या तोंडची कृती असावी. या कामाला शाळांतले शिक्षक, महाविद्यालयातले इतिहासाचे विद्यार्थी उत्साहाने येतील, हे मी खात्रीने सांगतो. मगन संग्रहालयासारख्या संस्थांचा सल्ला आपल्या हाताशीच आहे.

दुसरे काम भीती घालवण्याचे, आणि ते फक्त आपणच करू शकता. गावात नांगराला हंडा लागला तर माणूस आधी गप्प बसतो. सरकार वस्तू नेईल, शेत ताब्यात घेईल, पोलीस दारात येतील, असे त्याच्या मनात असते. प्रत्यक्षात 1878 चा कायदा सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा मानतो. जिल्हाधिकाऱ्याने ठेवा शासनासाठी घ्यायचा ठरवला तर धातूच्या किमतीवर एकपंचमांश अधिक देण्याची त्यात तरतूद आहे. न कळवणाऱ्याचा मात्र वाटा जातो आणि शिक्षाही होते. ही गोष्ट ग्रामसभेत साध्या भाषेत वाचून दाखवली गेल्याचे मी ऐकलेले नाही. तशीच गत 1972 च्या पुरावशेष कायद्याची. शंभर वर्षांवरची शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी करायची असते, एवढे जरी कळले तरी देव्हाऱ्यातली जुनी मूर्ती दाखवायला लोक घाबरणार नाहीत. नोंदणी म्हणजे जप्ती नाही, हे आपल्या सहीच्या पत्रकातून आले तर लोक त्यावर विश्वास ठेवतील. अडकित्ता, पायली, तिफण यांना तर या नोंदणीचाही आधार नाही. त्यांच्यासाठी फक्त आपली नोंदवही असेल.

तिसरी मागणी एका खोलीची. ज्यांना वस्तू द्यायचीच आहे, त्यांच्यासाठी. कोरडी, वाळवी नसलेली, कुलूप असलेली, आणि जबाबदार माणसाच्या ताब्यातली एक खोली. जिल्हा नियोजनाच्या निधीतून एवढे सहज होण्यासारखे आहे. देणाऱ्याला शिक्क्याची पावती मिळावी. वस्तूवर त्याचे नाव आणि गाव कायम राहावे. लामतुरे यांचे नाव तेरच्या दारावर आहे, केळकरांच्या राजाचे नाव पुण्याच्या संग्रहालयावर आहे. मग समुद्रपूरच्या किंवा कारंज्याच्या शेतकऱ्याच्या आजोबांचे नाव त्यांच्या मोटेच्या चाकावर का नसावे? आणि पावतीवर हेही लिहिलेले असावे की ही वस्तू जिल्ह्याबाहेर जाणार नाही. आपल्या वस्तू दूर कुठल्या तरी गोदामात पडतील या शंकेने कितीतरी लोक देता देता मागे घेतात.

जिल्ह्यात मोठे खाजगी संग्रह असलेली माणसेही असतील. नाणी, दिवे, हस्तलिखिते, जुनी वाद्ये, दंडारीचे साज असे काहीबाही वर्षानुवर्षे जमवणारी. त्यांची नावे मी इथे घेणार नाही. त्यांच्या घरी मौल्यवान काय आहे हे जाहीर करणे बरे नाही. पण आपण बोलावलेत तर ती येतील. त्यांना आज विचारले पाहिजे, त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलांना नव्हे. केळकरांशी शासनाचे बोलणे झाले तेव्हा केळकर हयात होते.

सुरुवात कुठून करावी, असे आपण विचाराल तर सिंदीचे नाव मी सुचवीन. येत्या तान्ह्या पोळ्याला आपल्या कार्यालयातले दोघे-तिघे कॅमेरा, मोजपट्टी आणि नोंदवही घेऊन तिथे जावेत. नंदी त्या दिवशी आपणहून रस्त्यावर येतात, घरात शिरून कुणाला त्रास द्यावा लागत नाही, आणि घराण्यातले वडीलधारे जवळच उभे असतात. आपल्या नंदीबद्दल कोणी विचारले तर ते भरभरून बोलतील. तिथल्या नोंदी वर्षभरात छापून गावाला परत द्याव्यात, म्हणजे पुढच्या तालुक्याला आपले काम दाखवता येईल. लिहून घ्यायला माणसे कमी पडत असतील तर मी आणि माझ्यासारखे काही निवृत्त लोक विनामोबदला यायला तयार आहोत. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
वर्ध्याचा एक रहिवासी